घरची स्पर्धा, परदेशी संघ

गावमर्यादित की खुली?

पावसाळा सरला, भातकापणी उरकली की वसई-विरार पट्ट्यातल्या रिकाम्या शेतांत आणि मैदानांत फक्की पडते आणि टेनिस क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. होळी-पापडीकडचं पोरगं असो की अर्नाळ्याचं, स्पर्धेचं पत्रक हातात आलं की बक्षिसाच्या रकमेनंतर ते एकच गोष्ट शोधतं: स्पर्धा गावमर्यादित आहे की खुली?

गावमर्यादित स्पर्धेत सगळे ओळखीचे. दर्जा बेताचा, पण शेवटच्या चेंडूपर्यंत माणूस हलत नाही, कारण फलंदाज कुणाचा तरी भाचा असतो. खुल्या स्पर्धेत बाहेरचे तगडे संघ येतात, बक्षीस वाढतं, यूट्यूबवर बघणारे वाढतात. मात्र घरचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला की निम्मं मैदान रिकामं होतं. आयोजकाला दर्जाही हवा असतो आणि गर्दीही, आणि दोन्ही एकाच वेळी साधणं अवघड जातं.

रग्बी लीग नावाच्या खेळाने हीच अडचण गेली तीस वर्षं मोठ्या पातळीवर अनुभवली आहे. तिथे बाहेरचा संघ टेम्पोतून येत नाही, समुद्र ओलांडून येतो. इंग्लंडच्या स्पर्धेत फ्रान्सचे आणि कॅनडाचे संघ आले, ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धेत न्यूझीलंडचा आला आणि 2028 मध्ये पापुआ न्यू गिनीचा येतो आहे. यातले काही रुजले, काही कर्ज मागे ठेवून गेले. असं का झालं ते पाहण्यासारखं आहे. आपल्याकडच्या रग्बीत, क्रिकेटात आणि कबड्डीतही हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येऊन गेला आहे.

दोन रग्बी

आधी एक गोंधळ मिटवू. रग्बी एक नाही, दोन आहेत. मुंबईत जिमखान्यावर दिसते, ऑलिंपिकमध्ये सात-सात जणांची असते, ती रग्बी युनियन. रग्बी लीग तिच्यातून फुटून निघाली, तीही मजुरीच्या प्रश्नावरून.

उत्तर इंग्लंडमधले खेळाडू खाणीत आणि कापडगिरण्यांत राबणारे होते. शनिवारी सामना खेळायचा तर त्या दिवसाची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी असं तिकडच्या क्लबांचं म्हणणं होतं. लंडनकडच्या साहेबलोकांना खेळात पैशाचा स्पर्शही नको होता, कारण त्यांची मजुरी बुडत नव्हती. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी बैठक घेतली आणि वेगळी चूल मांडली. गिरणगावच्या माणसाला हे भांडण समजावून सांगावं लागणार नाही.

मग नियमही बदलत गेले. 1906 पासून पंधराऐवजी तेरा खेळाडू. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा पकडी मिळतात. प्रत्येक पकडीनंतर खेळाडू उठतो, चेंडू पायाने मागे ढकलतो आणि खेळ पुढे चालू होतो. सहाव्या पकडीनंतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू रेषेपलीकडे टेकवला, म्हणजे ट्राय झाली, की चार गुण आणि त्यानंतरची किक बसली की आणखी दोन. ढिगाऱ्यात चेंडू हरवून बसण्याचे प्रसंग कमी असल्यामुळे नवख्यालाही खेळ लवकर कळतो.

खेळ चांगला, पण त्याचा नकाशा छोटा राहिला. इंग्लंडमधले बहुतेक मोठे क्लब आजही लिव्हरपूलहून हलकडे जाणाऱ्या एम-62 महामार्गाच्या आजूबाजूला आहेत. वसईहून निघून नाशिकच्या थोडं पलीकडे जाईपर्यंत जेवढं अंतर कापावं लागतं, तेवढ्यात जवळपास अख्खा खेळ मावतो. दूरचित्रवाणीला आणि प्रायोजकांना मोठा नकाशा हवा असतो. परदेशी संघ आणण्याची घाई तिथून आली.

जिमखान्यावरचे श्रीलंकेचे पाहुणे

परदेशी संघाने देशी रग्बी स्पर्धेत येणं ही गोष्ट मुंबईला नवी नाही. 1920च्या दशकात सुरू झालेली अखिल भारतीय रग्बी स्पर्धा पुढे ‘अखिल भारतीय आणि दक्षिण आशिया’ अशी झाली. तिच्यात सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे संघ खेळायला येत. सुरुवातीला पलटणींचे आणि गोऱ्या जिमखान्यांचे संघ असत, नंतर भारतीय क्लब आणि लष्कराचे संघ आले. आझाद मैदानाच्या कडेला 1875 साली स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना हे या खेळाचं मुंबईतलं माहेर. पावसाळ्यातल्या चिखलात तिथे आजही रग्बी रंगते.

रग्बीचं आणि या देशाचं नातं त्याहून जुनं आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब सदस्यांअभावी बंद करायची वेळ आली तेव्हा त्यांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून एक चषक घडवला आणि 1878 मध्ये तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या ‘कलकत्ता कप’साठी अजून भांडतात. चषकाच्या मुठी नागाच्या आणि झाकणावर हत्ती आहे. आपला रुपया तिकडे गेला, खेळ मात्र इथे कुंपणातच राहिला.

श्रीलंकेत नेमकं उलटं घडलं. तिथे रग्बी शाळांत शिरली. कोलंबोचं रॉयल कॉलेज आणि कँडीचं ट्रिनिटी कॉलेज यांच्यात 1945 पासून ब्रॅडबी शील्डचे सामने होतात आणि त्यांना आजही अख्खं शहर लोटतं. त्यामुळे श्रीलंकेचा संघ मुंबईत आला की त्याच्यामागे शाळकरी मुलांची फळी उभी असे आणि यजमानाच्या मागे जिमखान्याची सदस्यसूची. पाहुणे कितीही वेळा आले असते तरी यजमानाकडे ती फळी आपोआप तयार होणार नव्हती. भारतात रग्बी पुढे खऱ्या अर्थाने पसरली ती ओडिशात, भुवनेश्वरच्या कलिंग समाजविज्ञान संस्थेच्या आदिवासी निवासी शाळेत. तिथल्या 14 वर्षांखालील मुलांनी 2007 साली इंग्लंडमधली आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली.

दुलीप करंडकातला सहावा संघ

क्रिकेटमध्येही हा प्रयोग झाला होता, पण तो आता फारसा कुणाला आठवत नाही. दुलीप करंडक ही तेव्हा पाच विभागांची स्पर्धा होती, मुंबईकर तिथे पश्चिम विभागातून खेळत. 2003-04 च्या हंगामात क्रिकेट मंडळाने तिच्यात इंग्लंडचा ‘अ’ संघ सहावा म्हणून घेतला. पुढच्या हंगामांत अनुक्रमे बांगलादेश, झिम्बाब्वे, श्रीलंका ‘अ’ आणि 2007-08 मध्ये इंग्लंड लायन्स असे संघ येऊन गेले. नंतर ही प्रथा थांबली.

पाच वर्षांत एकाही पाहुण्याने करंडक नेला नाही. तरी जास्त मिळवलं कुणी, असं विचारलं तर उत्तर पाहुण्यांकडेच झुकतं. 2004 च्या सुरुवातीला आलेल्या इंग्लंड ‘अ’ संघात केव्हिन पीटरसन नावाचा तरुण होता. त्याने दक्षिण विभागाविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतकं केली आणि त्याच वर्षी तो इंग्लंडकडून एकदिवसीय सामने खेळू लागला. आपल्या खेळपट्ट्यांवर त्यांचा सराव झाला, आपल्या पोरांना चांगला मारा खेळायला मिळाला. देवाणघेवाण म्हणून हे उत्तम होतं. पण याला विस्तार म्हणता येत नाही. दरवर्षी पाहुणा वेगळा असल्यामुळे त्याच्यामागे कुठलं शहर उभं राहिलं नाही आणि कुठल्याही घरी त्या संघाची जर्सी गेली नाही.

पॅरिस फसलं, पर्पिन्याँ रुजलं

फ्रान्समध्ये रग्बी लीग 1934 पासून आहे. जाँ गालिया नावाच्या खेळाडूने ती तिकडे नेली आणि दक्षिणेतल्या गावांनी झपाट्याने उचलली. दुसऱ्या महायुद्धात व्हिशी सरकारने या खेळावर चक्क बंदी आणली आणि त्याची मालमत्ता जप्त केली. युद्धानंतर खेळ परतला, पण ‘रग्बी’ हे नाव वापरण्याची त्याला अनेक दशकं मुभा नव्हती. तो ‘तेराचा खेळ’ म्हणून जगला.

1996 मध्ये इंग्लंडची सुपर लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात पॅरिसचा संघ घालण्यात आला, नाव पॅरिस सेंट-जर्मेन. सलामीच्या सामन्याला 17,873 प्रेक्षक आले आणि पॅरिसने शेफील्डला 30-24 असं हरवलं. वर्तमानपत्रं खूश झाली. पण खेळाची मुळं दक्षिणेत होती आणि संघ राजधानीत बसवला होता. दुसऱ्या वर्षी ऑस्ट्रेलियन खेळाडूंची भरती झाली आणि त्यातले काही जण पर्यटक व्हिसावर खेळत असल्याचं बाहेर आलं. 1997 चा हंगाम संपला आणि संघही संपला. नकाशा पाहून शहर निवडलं, खेळ कुठे आहे ते पाहिलं नाही.

पुढचा प्रयत्न शहाणपणाने झाला. स्पेनच्या सीमेजवळच्या पर्पिन्याँ शहरातले दोन जुने क्लब 2000 साली एकत्र आले आणि त्यांचा कॅटलन्स ड्रॅगन्स हा संघ 2006 मध्ये सुपर लीगमध्ये दाखल झाला. पहिली तीन वर्षं शेवटचा नंबर आला तरी खाली ढकलणार नाही, असं अभय त्याला मिळालं होतं. इथे संघाच्या आधी खेळ होता, मैदान होतं आणि कॅटलन अस्मिताही होती. लाल-पिवळे पट्टे फडकवणाऱ्या लोकांना लंडन आणि पॅरिस दोन्ही सारखेच परके.

दुसऱ्याच वर्षी, 2007 मध्ये, हा संघ वेम्बलीवर चॅलेंज कपची अंतिम लढत खेळला आणि हरला. 2018 मध्ये वॉरिंग्टनला 20-14 हरवून त्याने तोच चषक जिंकला. इंग्लंडबाहेर तो नेणारा हा पहिला संघ. 2019 मध्ये विगनविरुद्धचा सामना त्यांनी थेट बार्सिलोनाच्या कॅम्प नूवर भरवला आणि 31,555 लोक आले. त्यात इंग्रजही भरपूर होते. विगनच्या पावसातून सुटून मे महिन्यात भूमध्य समुद्राकाठी जायला मिळतंय म्हटल्यावर सामना हे निमित्तच. पाहुण्या संघाचा हा फायदा जमाखर्चात दिसत नाही, पण यजमान क्लबांचे पाठीराखे अशा संघावर लवकर राग धरत नाहीत.

सगळं गोडही नाही. 2021 आणि 2023 मध्ये कॅटलन्स सुपर लीगच्या अंतिम सामन्यात पोचले आणि दोन्ही वेळा हरले. फ्रान्सचा राष्ट्रीय संघ त्या प्रमाणात वर आला नाही, आणि 2025 च्या विश्वचषकाचं यजमानपद फ्रान्सने पैशाच्या कारणावरून 2023 मध्ये सोडून दिलं. तरीही 2026 च्या हंगामात चौदा संघांच्या सुपर लीगमध्ये दोन फ्रेंच संघ आहेत, कारण तूलूझही तिथे पोचलं. तूलूझने खालच्या पायऱ्यांवर कितीतरी वर्षं काढली, 2022 मध्ये एकदा वर येऊन लगेच खालीही गेलं. मला ही वाट जास्त भरवशाची वाटते. वेळ लागला, पण मधल्या वर्षांत तिथला प्रेक्षक तयार झाला.

टोरांटोची गोष्ट

आता सगळ्यात धाडसी प्रयोग. वसईतल्या कित्येक घरांतलं कुणी ना कुणी टोरांटोच्या आसपास राहतं. तिकडच्या हिवाळ्याची वर्णनं आपण फोनवर ऐकलेली असतात. अशा शहरातला संघ इंग्लंडच्या स्पर्धेत घ्यायचा, असं 2016 मध्ये ठरलं. नाव टोरांटो वुल्फपॅक, मालक खाण उद्योगातले डेव्हिड आर्गाइल.

2017 मध्ये संघाने तळाच्या, तिसऱ्या श्रेणीतून सुरुवात केली. टोरांटोच्या लॅमपोर्ट मैदानावर ऑक्सफर्डविरुद्धच्या पहिल्या घरच्या सामन्याला 6,281 लोक आले. तिसऱ्या श्रेणीतल्या इंग्रज क्लबांना एवढी गर्दी स्वप्नातही दिसत नसे. बिअर, संगीत, सुट्टीची दुपार आणि धडाधड ट्राय असा बेत होता. खेळाचे नियम ठाऊक नसलेली माणसं दर आठवड्याला येऊ लागली. त्या वर्षी श्रेणी जिंकून संघ वर चढला.

पडद्यामागे काय होतं? एक: फेब्रुवारी-मार्चमध्ये टोरांटोत बर्फ असतो, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला संघ महिनोन्‌महिने इंग्लंडमध्येच खेळायचा आणि नंतर घरचे सामने ओळीने उरकायचा. दोन: तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबांत नोकरी सांभाळून खेळणारे गडी असतात. कुणी सुतार, कुणी शिक्षक. त्यांना अटलांटिक ओलांडायला कोण पैसे देणार? म्हणून पाहुण्यांच्या विमानाचा आणि राहण्याचा खर्च वुल्फपॅकने स्वतःच्या खिशातून करायचं कबूल केलं. तीन: इंग्लंडच्या दूरचित्रवाणी करारातला वाटा त्यांना मिळत नव्हता. चार: संघातले बहुतेक खेळाडू इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडचे होते. टोरांटोच्या गल्लीतून रग्बी लीग खेळत वर आलेला मुलगा शोधावा लागे, कारण तिथल्या गल्लीत तो खेळ नव्हता.

2018 मध्ये बढतीच्या निर्णायक सामन्यात ते घरच्याच मैदानावर लंडन ब्रॉंकोजकडून 4-2 असे हरले. एवढ्या खर्चाच्या संघाला सबंध सामन्यात एक ट्रायसुद्धा जमली नाही. पुढच्या वर्षी फेदरस्टोनला 24-6 असं नमवून त्यांनी सुपर लीग गाठली. मग न्यूझीलंडचा जगप्रसिद्ध सनी बिल विल्यम्स मोठ्या रकमेला आणला गेला. 2020 चा हंगाम सुरू झाला, पहिले सहाही सुपर लीग सामने हरले, आणि साथ आली.

सामने थांबले, प्रवास बंद झाला, तिकिटविक्री शून्य झाली. एकाच माणसाच्या थैलीवर उभा असलेला संघ साथीत किती टिकणार? 20 जुलै 2020 रोजी वुल्फपॅकने उरलेल्या हंगामातून माघार घेतली. खेळाडूंचे पगार थकले होते. नोव्हेंबरमध्ये नव्या मालकासह परत येण्याचा प्रस्ताव क्लबांच्या मतदानाला गेला आणि फेटाळला गेला. त्या मतदानाबद्दल इंग्रज क्लबांना संकुचित म्हणणं सोपं आहे. पण आपण त्या खुर्चीत असतो तर काय केलं असतं? टोरांटोचे प्रेक्षक इंग्लंडमध्ये सामना बघायला येत नव्हते, त्यामुळे यजमान क्लबाच्या तिकीट खिडकीवर भर पडत नव्हती. टोरांटोच्या घरच्या गर्दीचा गल्ला टोरांटोकडे राहत होता. आणि कॅनडाच्या दूरचित्रवाणीकडून मोठा करार आला नव्हता. क्लबांना दिसत होता तो फक्त प्रवास.

लॅमपोर्टवर येणारे ते हजारो लोक खरे होते, त्यांचा उत्साहही खरा होता. पण शाळेत, मैदानावर, मोहल्ल्यात त्यांच्यामागे खेळाचा पाया घातला गेला नव्हता. मालक गेल्यावर तिथे उरल्या त्या लांडग्याच्या चित्राच्या टोप्या.

ऑकलंड आणि पोर्ट मोर्सबी

दक्षिण गोलार्धातला हिशोब वेगळा आहे. ऑकलंडमध्ये स्थानिक रग्बी लीग विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून खेळली जाते, माओरी आणि पॉलिनेशियन वस्त्यांत तर घरोघरी. तिथला वॉरियर्स संघ 1995 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धेत आला. विजेतेपद अजून नाही, 2002 आणि 2011 मध्ये अंतिम सामन्यात हार. मालकही बदलत राहिले. तरी संघ टिकला, कारण खेळाडू आणि प्रेक्षक दोन्ही स्थानिक होते.

त्याची कसोटी साथीत लागली. 2020 मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा वॉरियर्सनी घरदार सोडून ऑस्ट्रेलियात मुक्काम ठोकला आणि स्पर्धा चालू ठेवली. काही खेळाडूंच्या कुटुंबांची महिनोन्‌महिने ताटातूट झाली. शेवटी 3 जुलै 2022 रोजी ते ऑकलंडमध्ये परतून खेळले तेव्हा मैदान खच्चून भरलं होतं. टोरांटो आणि ऑकलंड, दोघांवर संकट एकच होतं.

पापुआ न्यू गिनीचं प्रकरण आणखी निराळं. रग्बी लीग हा तिथला राष्ट्रीय खेळ मानला जातो. शेकडो भाषांच्या त्या देशात लोकांना एकत्र आणणाऱ्या थोड्या गोष्टींपैकी तो एक. 2014 पासून त्यांचा हंटर्स संघ ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याच्या स्पर्धेत, म्हणजे एक पायरी खाली, खेळतो आहे आणि 2017 मध्ये त्याने ती जिंकलीही. डिसेंबर 2024 मध्ये जाहीर झालं की पोर्ट मोर्सबीचा संघ 2028 पासून ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च स्पर्धेत येईल. त्यासाठी ऑस्ट्रेलियाचं सरकार दहा वर्षांत 60 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देणार आहे.

एवढा पैसा निव्वळ खेळप्रेमातून कुठलं सरकार देत नाही. प्रशांत महासागरातल्या बेटांवर चीनचा वावर वाढू नये, ही ऑस्ट्रेलियाची काळजी उघड आहे. बाहेरचे खेळाडू तिथे राहायला तयार व्हावेत म्हणून पापुआ न्यू गिनीने त्यांना प्राप्तिकरात सूट देऊ केली. सुरक्षेचा, घरांचा प्रश्न आहेच. मात्र टोरांटोची नेमकी जी बाजू लंगडी होती, ती इथे भक्कम आहे: गर्दी आणि गल्लीतली पोरं आधीच हजर आहेत. शंका एकच वाटते. सरकार बदललं आणि काळजीचं कारण बदललं तर पैशाचं काय?

व्हिसा, विमान आणि वाटा

या सगळ्या कहाण्यांत काही कटकटी पुन्हा पुन्हा येतात. व्हिसा ही पहिली. पॅरिसचं सांगितलंच. वेल्समधला क्रुसेडर्स संघ 2009 मध्ये सुपर लीगमध्ये आला आणि त्याच वर्षी व्हिसाच्या भानगडीत त्याच्या सहा ऑस्ट्रेलियन खेळाडूंना देश सोडावा लागला. 2011 नंतर तो संघ सुपर लीगमध्ये दिसला नाही.

दुसरी कटकट प्रवासखर्चाची, आणि तिचं मूळ नेहमी ‘कोण भरणार’ यात असतं. कॅटलन्सनी 2018 चा चषक जिंकला, तर पुढच्या वर्षी त्याच चषकात खेळण्यासाठी इंग्लंडच्या संघटनेने परदेशी संघांकडे आर्थिक हमी मागितली. अंतिम सामन्यात परदेशी संघ आला तर वेम्बलीची तिकिटं खपत नाहीत, हे कारण. टोरांटो आणि तूलूझ त्या वर्षी चषकापासून दूरच राहिले. गतविजेत्यालाच दारात अडवून अनामत मागावी, हे मला अजून पटत नाही. पण खजिनदाराच्या खुर्चीतून ते तितकं विचित्र दिसत नसावं.

तिसरी कटकट प्रसारणाच्या पैशातल्या वाट्याची. पाहुण्या देशातली वाहिनी पैसे देत नसेल तर यजमान क्लबांच्या दृष्टीने पाहुणा हा वाटेकरी होतो. टोरांटोला वाटा नाकारला गेला त्यामागे हा हिशोब होता. त्यातून एक चक्र सुरू होतं: वाटा नाही म्हणून संघ मालकावर विसंबतो, आणि मालकावर विसंबतो म्हणून त्याला वाटा द्यायला कुणी धजत नाही.

कबड्डीने घेतलेली दुसरी वाट

संघ न आणता खेळाडू आणणं ही दुसरी वाट, आणि ती महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा परदेशी खेळाडूंना संघांत जागा होती. इराणचा फझल अत्राचली यू मुंबाच्या बचावफळीत उभा राहिला, पुढे कर्णधारही झाला, नंतर पुणेरी पलटणचंही नेतृत्व त्याने केलं. त्याच्यानंतर आलेला मोहम्मदरझा शादलुई पुणेरी पलटणमध्ये होता तेव्हा, मार्च 2024 मध्ये संपलेल्या दहाव्या हंगामात, पलटणने पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी या दोघांना परकं मानलं नाही. पकड चांगली असली की कबड्डीच्या प्रेक्षकाला आणखी काही लागत नाही.

परिणाम मात्र आपल्या अंगावर आला. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या पुरुषांनी उपांत्य सामन्यात भारताला 27-18 असं हरवलं. आशियाई स्पर्धेत भारताचं सुवर्ण तेव्हा प्रथमच हुकलं. आपल्याच लीगमध्ये, आपल्याच चढाईपटूंच्या सवयी दर हंगामी बघून त्यांचे बचावपटू तयार झाले होते. यावर तक्रार करणारे तेव्हाही होते. मी त्यांच्यातला नाही. एकच देश कायम जिंकत असेल तर त्या खेळाला ऑलिंपिकचं दार कोण उघडणार?

महिलांचा अंतिम सामनाही इराणनेच 27-24 असा जिंकला, आणि त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आयुष्यभर महाराष्ट्रात मुली घडवल्यानंतर त्या इराणला गेल्या आणि तिथला संघ उभा केला. इराणचा संघ इथे आणून आपल्या स्पर्धेत घालायची गरज पडली नाही. एक मराठी प्रशिक्षक तिकडे गेली, तिथल्या मुलींमध्ये राहिली आणि सुवर्णपदक तेहरानला गेलं. खेळ पसरवण्याच्या सगळ्या तऱ्हांत ही सर्वांत स्वस्त आहे, तरी तिच्यावर पैसे घालायला प्रायोजक पुढे येत नाहीत. प्रशिक्षकाच्या पाठीवर जाहिरात लावायला जागा कमी असते, दुसरं काय!

अंधेरीतली सहा शहरं

जून 2025 मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली. नावात ‘लीग’ असलं तरी ही रग्बी युनियनची सात खेळाडूंची जात, हे लक्षात ठेवायचं. भारताकडून खेळलेले अभिनेते राहुल बोस आता रग्बी इंडियाचे अध्यक्ष आहेत आणि त्यांच्या कारकिर्दीत ही स्पर्धा उभी राहिली. मुंबई, चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरू आणि कलिंग असे सहा संघ होते. प्रत्येक संघात नामांकित परदेशी खेळाडू होते आणि त्यांच्याबरोबर भारतीय मुलं. 29 जूनच्या अंतिम सामन्यात चेन्नईने दिल्लीला 41-0 असं साफ हरवलं.

संघ सहा ठिकाणचे, पण सगळे सामने अंधेरीच्या क्रीडा संकुलातच. वसईहून चर्चगेट लोकल पकडून सहाही संघ बघून येण्याची सोय झाली, हा आपला फायदा. पैशाच्या दृष्टीनेही हे शहाणपणाचं होतं: विमानं नाहीत, सहा मैदानांची भाडी नाहीत. परदेशी माणसं पंधरा दिवसांसाठी आली आणि व्हिसा-मुक्कामाची उस्तवार एकाच शहरात आटोपली. भुवनेश्वरच्या मुलाला मात्र आपला कलिंगचा संघ दूरचित्रवाणीवरच बघावा लागला, आणि हैदराबादमध्ये तिकीट काढणारा प्रेक्षक तयार व्हायला सुरुवातही झाली नाही.

पुढची पायरी म्हणून कोलंबोचा किंवा काठमांडूचा संघ या स्पर्धेत घ्यावा, असं उद्या कुणी सुचवलं तर दचकायचं कारण नाही. कोलंबोचं पारडं जड आहे: तिथे शाळा आहेत, प्रेक्षक आहेत, विमानप्रवास दोन-अडीच तासांचा आहे आणि मुंबईच्या मैदानावर त्यांचं येणंजाणं जुनंच आहे. फक्त निर्णय घेताना विचारायचे प्रश्न ठरलेले असावेत. त्या संघाचे घरचे सामने खरोखर त्याच्या घरी होणार का? पाहुण्यांची तिकिटं कोण काढणार? श्रीलंकेतली वाहिनी किती देणार, आणि त्यातला किती वाटा इथल्या संघांना येणार? मालकाने उद्या हात काढून घेतला तर उरलेल्या हंगामाचे पगार कुठल्या खात्यातून होणार? यांची उत्तरं करारावर सही होण्यापूर्वी कागदावर यायला हवीत. टोरांटोच्या बाबतीत ती तीन वर्षांनी मागितली गेली.